घरगुती विद्युत सॉकेटचे स्थलांतर

घरगुती विद्युत सॉकेटचे स्थलांतर म्हणजे राहत्या घरातील प्लग जोडण्याची जागा एका ठिकाणाहून काढून दुसऱ्या ठिकाणी बसविणे. या कामात सॉकेटपर्यंत जाणाऱ्या फेज, न्यूट्रल व अर्थिंगच्या तारा वळविणे, लांबविणे किंवा नव्याने टाकणे यांचा समावेश होतो. बोलीभाषेत याला ‘पॉइंट हलविणे’ किंवा ‘बोर्ड सरकविणे’ असे म्हणतात. काम लहान दिसत असले, तरी भारतीय विद्युत कायद्याच्या दृष्टीने तो विद्युत मांडणीतील बदल ठरतो. त्यामुळे ते अनुज्ञप्तीधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे लागते. मीटरपलीकडील मांडणी सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी वीजपुरवठा कंपनीची नसून ग्राहकाची असते.

प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील, विशेषतः मराठवाड्यातील नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या संदर्भात या कामाचे तांत्रिक नियम आणि अपघात झाल्यास येणारे उत्तरदायित्व यांची माहिती दिली आहे.

व्याप्ती

सॉकेटशी संबंधित कामांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात जुने सॉकेट त्याच जागी, त्याच क्षमतेच्या नव्या सॉकेटने बदलले जाते. दुसऱ्या प्रकारात सॉकेट त्याच खोलीत किंवा शेजारच्या खोलीत हलविले जाते. यात तारांची लांबी, मार्ग व जोड बदलतात. तिसऱ्या प्रकारात सॉकेटची क्षमता वाढविली जाते, म्हणजे ६ अँपिअरच्या जागी १६ अँपिअरचे सॉकेट बसविले जाते. पहिला प्रकार दुरुस्तीचा असून उरलेले दोन मांडणीतील बदलाचे आहेत. कायद्याने घालून दिलेली सीमारेषा याच दोहोंमधून जाते.

विस्तार-बोर्ड, म्हणजे बोलीभाषेतील ‘एक्स्टेन्शन’, हे स्थलांतर नव्हे. तथापि अशी तार खिळ्यांनी भिंतीला कायमची ठोकून त्यावर उपकरण चालविणे हे प्रत्यक्षात विनापरवाना स्थलांतरच होय. त्यातील धोकाही अधिक असतो, कारण अशी तार बहुधा बारीक असते आणि स्वस्त बोर्डांत अर्थिंगची तिसरी तार नसते.

प्रादेशिक पार्श्वभूमी

नांदेड व लातूर जिल्ह्यांत सॉकेट हलविण्याची गरज बहुतेक वेळा ऋतुमान, पाणी आणि वाढते शहरीकरण यांतून निर्माण होते. उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्या वेळी खिडकीत किंवा ओसरीवर कूलर बसविला जातो, पण जवळ सॉकेट नसते. पाणीपुरवठा अनियमित असल्याने हौदातील पाणी गच्चीवरील टाकीत चढविण्यासाठी मोटार लागते आणि तिचा पॉइंट न्हाणीजवळ किंवा अंगणात घेतला जातो. गिझर, धुलाई यंत्र, पाणी शुद्ध करणारे यंत्र, इन्व्हर्टर व वातानुकूलन यंत्र ही उपकरणे घर बांधून झाल्यावर आल्यामुळे त्यांच्यासाठीही मागाहून जागा काढावी लागते.

दोन्ही शहरांत प्रवेश-परीक्षांच्या तयारीसाठी बाहेरगावचे विद्यार्थी मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्यासाठी राहत्या घरांच्या खोल्यांत लाकडी वा विटांच्या आडभिंती घालून लहान खोल्या केल्या जातात. एका खोलीसाठी आखलेल्या परिपथावर तीन-चार खोल्यांचे सॉकेट, विजेच्या इस्त्र्या व पाणी तापविण्याच्या कांड्या चालू लागल्या की मूळ तारांवर त्यांच्या क्षमतेबाहेरचा भार येतो.

या भागातील जुन्या घरांच्या भिंतीही लक्षात घ्याव्या लागतात. माळवदाच्या घरांच्या भिंती दगड-मातीच्या, रुंद आणि आतून पोकळ भरावाच्या असतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या किल्लारी भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे मृत्युमुखी पडली. अशा भिंती व त्यांवरील जड माळवदे कोसळणे हे त्याचे प्रमुख कारण होते. पुढे भारतीय मानक १८९३ च्या २००२ च्या आवृत्तीत किल्लारी परिसराचा समावेश तिसऱ्या भूकंपक्षेत्रात करण्यात आला. त्यामुळे सॉकेटसाठी भिंत कोरणे हा या भागात केवळ वीजतंत्र्याचा विषय राहत नाही.

कायदेशीर चौकट

स्वातंत्र्यानंतर दीर्घकाळ भारतातील विद्युत सुरक्षिततेचे नियमन भारतीय विद्युत अधिनियम, १९१० आणि भारतीय विद्युत नियम, १९५६ यांनुसार होत असे. विद्युत अधिनियम, २००३ लागू झाल्यावर त्याच्या कलम ५३ व १७७ अन्वये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षितता व विद्युत पुरवठ्याच्या उपायांविषयीचे विनियम २०१० मध्ये काढले. २०२३ मध्ये त्यांची जागा त्याच नावाच्या नव्या विनियमांनी घेतली.

अनुज्ञप्तीची अट

१९५६ च्या नियमांतील नियम ४५ आणि २०१० च्या विनियमांतील विनियम २९ यांचा आशय एकच आहे आणि नव्या विनियमांतही तो कायम आहे. ग्राहकाच्या जागेतील नवीन मांडणी, वाढ, फेरबदल व दुरुस्ती ही कामे राज्य शासनाची अनुज्ञप्ती असलेल्या विद्युत कंत्राटदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली आणि परवानाधारक कामगाराकडून करून घेतली पाहिजेत. दिवे, पंखे, फ्यूज, बटणे, २५० व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणे आणि जोडसाहित्य यांची अदलाबदल या अटीतून वगळली आहे. मात्र त्या अदलाबदलीने मांडणीची क्षमता वा स्वरूप बदलता कामा नये. म्हणूनच जळालेले सॉकेट त्याच जागी बदलणे या सवलतीत बसते, पण तेच सॉकेट दुसऱ्या भिंतीवर नेणे बसत नाही. ही अट मोडून केलेली मांडणी वीजभारित करण्यास किंवा पुरवठादाराच्या यंत्रणेला जोडण्यासही मनाई आहे.

अधिनियमाचे उल्लंघन करणाऱ्यास कलम १४६ च्या मूळ तरतुदीनुसार तीन महिन्यांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

संबंधित यंत्रणा

महाराष्ट्रात विद्युत सुरक्षिततेची तपासणी व अपघातांची चौकशी अधिनियमाच्या कलम १६२ अन्वये नेमलेले मुख्य विद्युत निरीक्षक आणि त्यांच्या अधिपत्याखालील विद्युत निरीक्षक करतात. कंत्राटदार, पर्यवेक्षक व तारतंत्री यांना अनुज्ञप्ती, प्रमाणपत्र वा परवाना राज्य शासनाच्या अनुज्ञापक मंडळाकडून मिळतो. नांदेड व लातूर येथील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वीजतंत्री व तारतंत्री यांसारखे व्यवसाय शिकविले जातात. मात्र प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि काम करण्याचा परवाना या दोन भिन्न गोष्टी आहेत.

वीज वितरणाचे काम महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या विभाजनानंतर २००५ मध्ये स्थापन झालेली महावितरण ही कंपनी करते. नांदेड आणि लातूर ही तिची दोन स्वतंत्र परिमंडले आहेत.

तांत्रिक नियम

घरगुती तारजोडणीसाठी भारतीय मानक ७३२, प्लग व सॉकेटसाठी भारतीय मानक १२९३, विद्युतरोधक आवरणाच्या तारांसाठी भारतीय मानक ६९४ आणि भूसंपर्कनासाठी भारतीय मानक ३०४३ ही मुख्य मानके होत. राष्ट्रीय विद्युत संहितेत या मानकांतील तरतुदी एकत्रित केलेल्या आहेत.

परिपथ आणि तारेची जाडी

घरातील तारजोडणी लहान लहान परिपथांत विभागलेली असते. प्रचलित संकेतानुसार दिवे, पंखे व ६ अँपिअरची सॉकेट यांच्या एका परिपथावर १० पेक्षा अधिक पॉइंट किंवा ८०० वॉटपेक्षा अधिक भार ठेवीत नाहीत. १६ अँपिअरच्या परिपथावर दोनपेक्षा अधिक सॉकेट घेत नाहीत. स्थलांतरित सॉकेट जवळच्या कोणत्याही बोर्डातून जोडून घेण्याची प्रथा या संकेताच्या विरुद्ध आहे.

विद्युतधारा ही शक्तीला व्होल्टतेने भागून मिळते. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर काही उपकरणे घेत असलेली धारा अशी:

• कूलर, २०० वॉट : सुमारे ०.९ अँपिअर
• मिक्सर, ७५० वॉट : सुमारे ३.३ अँपिअर
• इस्त्री, १,००० वॉट : सुमारे ४.३ अँपिअर
• गिझर, २,००० वॉट : सुमारे ८.७ अँपिअर
• गिझर, ३,००० वॉट : सुमारे १३ अँपिअर

यावरून गिझर ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालविता येत नाही हे उघड होते. १६ अँपिअरच्या सॉकेटसाठी सर्वसाधारणपणे ४ चौरस मिलिमीटर तांब्याची तार वापरतात. दिव्यांच्या परिपथातील १ किंवा १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेवर असे सॉकेट बसविल्यास सॉकेट शाबूत राहते आणि तार भिंतीच्या आत तापत राहते. सर्वसाधारण पीव्हीसी आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. भोवतालची हवाच ४२ अंशांवर असेल, तर तारेला तापण्यासाठी केवळ २८ अंशांची मुभा उरते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तारेची जाडी ठरविताना म्हणूनच हात सैल ठेवणे हिताचे असते.

तारेच्या जाडीशी एमसीबीचे प्रमाण जुळावे लागते. वारंवार एमसीबी पडते म्हणून ती अधिक क्षमतेची बसविणे म्हणजे तारेचे संरक्षणच काढून घेणे होय.

तारांचे रंग आणि छिद्रांचा क्रम

भारतातील रूढ पद्धतीत एकफेजी परिपथातील फेजची तार लाल, न्यूट्रलची काळी आणि अर्थिंगची हिरवी असते. सॉकेटकडे तोंड करून पाहिल्यास वरचे मोठे छिद्र अर्थिंगचे, उजवे फेजचे व डावे न्यूट्रलचे असते. बटण नेहमी फेजच्या तारेवर असावे लागते. ते न्यूट्रलवर बसविल्यास बटण बंद केल्यावर उपकरण थांबते, पण त्याच्या आतील भाग वीजभारितच राहतात.

जागा आणि उंची

स्नानगृहात १३० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीवर सॉकेट न घेण्याचा संकेत आहे. आंघोळ करणाऱ्याचा हात पोहोचेल किंवा पाण्याचे शिंतोडे उडतील अशी जागा पूर्णतः वर्ज्य मानली जाते आणि गिझरचे बटण शक्यतो दाराबाहेर ठेवतात. स्वयंपाकघरात सॉकेट ओट्याच्या वर आणि शेगडी व नळ यांपासून दूर असावे. लहान मुले असलेल्या घरात जमिनीलगतचे सॉकेट झडपेचे असावे, म्हणजे प्लगची अर्थिंगची पिन आत गेल्याशिवाय उरलेली छिद्रे उघडत नाहीत. कूलरचे सॉकेट त्याच्या पाण्याच्या टाकीपेक्षा उंच आणि बाजूला घेतात, खाली घेत नाहीत. अंगणातील किंवा गच्चीवरील सॉकेटला पावसापासून संरक्षण देणारी पेटी आवश्यक असते.

भिंतीतील झिरी

भारवाही विटांच्या भिंतींविषयीच्या भारतीय मानक १९०५ नुसार उभ्या झिरीची खोली भिंतीच्या जाडीच्या एक-तृतीयांशापेक्षा आणि आडव्या झिरीची एक-षष्ठांशापेक्षा अधिक असू नये; आडवी झिरी शक्यतो टाळावी. २३ सेंटिमीटरच्या भिंतीत हे प्रमाण अनुक्रमे सुमारे ७.५ व ४ सेंटिमीटर येते. भिंतीच्या दोन्ही अंगांनी समोरासमोर पेट्या कोरल्यास मधला भाग पातळ होतो. काँक्रीटचे खांब व तुळया कोरणे वर्ज्य आहे, कारण त्यात आतील सळया उघड्या पडतात किंवा तुटतात.

दगड-मातीच्या भिंतीत झिरी पाडल्यास सांध्यातील माती झडते आणि दगड सैल होतात. अशा घरांत भिंतीच्या पृष्ठभागावर केसिंग-कॅपिंगची पट्टी लावून तारा नेणे अधिक सुरक्षित असते. ही पद्धत दिसायला कमी नीटस वाटली, तरी भिंत अखंड राहते आणि पुढील काळात तारा कोठून गेल्या आहेत हे कोणालाही कळते.

तारांचा मार्ग सॉकेटपासून सरळ उभा किंवा सरळ आडवा असावा. गिलाव्याखालून तिरप्या नेलेल्या तारेचा ठाव नंतर लागत नाही आणि खिळा वा ड्रिल मारताना ती सापडते. तारांचे जोड उघडता येणाऱ्या जोडपेटीतच असावेत. चिकटपट्टी गुंडाळून गिलाव्यात गाडलेला जोड हे घरगुती आगीचे एक नेहमीचे कारण आहे.

भूसंपर्कन

भूसंपर्कन, म्हणजेच अर्थिंग, हा स्थलांतराच्या कामातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत अधिक दुर्लक्षिला जाणारा भाग आहे. फेज व न्यूट्रल या दोन तारांवर उपकरण चालते. तिसरी तार नसली तरी रोजच्या वापरात काहीच उणे भासत नाही. तिची उणीव जाणवते ती आतील आवरण फाटून लोखंडी कूलरचा सांगाडा वीजभारित होतो तेव्हा. ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाचा हात सांगाड्याला लागताच धारा त्याच्या शरीरातून जमिनीत जाते.

नांदेड-लातूरच्या जमिनीत भूसंपर्कनाचे काही विशेष प्रश्न आहेत. येथील काळी माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते, परंतु उन्हाळ्यात ती आकसून भेगाळते आणि पुरलेल्या पट्टीशी वा नळीशी तिचा संपर्क तुटतो. अनेक ठिकाणी थोड्याच खोलीवर मुरूम व काळा पाषाण लागत असल्याने इलेक्ट्रोड पुरेसा खोल जात नाही. मीठ व कोळसा भरलेल्या पारंपरिक खड्ड्यात वेळोवेळी पाणी घालावे लागते. लातूर शहराला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तशा टंचाईत खड्ड्यांकडे कोणाचे लक्ष जात नाही आणि ते कोरडे पडतात. बेंटोनाइटसारखी ओल धरून ठेवणारी माती भरलेले इलेक्ट्रोड यावर उपाय म्हणून वापरले जातात.

खड्डा कोरडा असल्यास काय होते, हे साध्या गणिताने समजते. भूसंपर्काचा रोध २० ओहम असेल, तर २३० व्होल्टवर बिघाडाच्या वेळी जास्तीत जास्त ११.५ अँपिअर धारा वाहते. १६ अँपिअरच्या एमसीबीला ती नेहमीच्या भारासारखीच वाटते; एमसीबी पडत नाही आणि उपकरणाचा सांगाडा वीजभारित राहतो. ‘सी’ प्रकारची १६ अँपिअरची एमसीबी तत्काळ पडण्यासाठी ८० ते १६० अँपिअर धारा लागते.

अर्थिंगची तार मिळत नाही म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रल व अर्थिंगचे टोक तारेच्या तुकड्याने जोडून देण्याची प्रथा अत्यंत घातक आहे. पुरवठ्याची न्यूट्रल तार कोठेही तुटली, तर त्या सॉकेटला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाचा सांगाडा वीजभारित होतो.

गळतीरक्षक

आरसीसीबी हे उपकरण फेजमधून गेलेली आणि न्यूट्रलमधून परत आलेली धारा यांची तुलना करते. फरक ठरावीक मर्यादेच्या वर गेला की ते पुरवठा तोडते. विनियमांनुसार भार एका मर्यादेच्या वर असलेल्या मांडणीत गळतीरक्षक बसविणे आवश्यक असून घरगुती जोडणीसाठी गळतीची मर्यादा ३० मिलिअँपिअर आहे. ६ अँपिअरची एमसीबी ज्या धारेपर्यंत शांत राहते, तिच्या दोनशेव्या भागालाच हे उपकरण प्रतिसाद देते. वर दिलेल्या उदाहरणात भूसंपर्काचा रोध २०० ओहम असला, तरी सुमारे १.१५ अँपिअरची गळती होते आणि आरसीसीबी पडते. कोरड्या जमिनीच्या प्रदेशात म्हणूनच तिचे महत्त्व विशेष आहे.

एक हात फेजला व दुसरा न्यूट्रलला लागल्यास बसणाऱ्या धक्क्यापासून आरसीसीबी संरक्षण देत नाही. अतिभारापासून संरक्षण हे एमसीबीचे काम आहे. त्यामुळे एक असल्याने दुसरीची गरज संपत नाही.

कामाचा क्रम व चाचण्या

कामाच्या प्रारंभी मुख्य बटण बंद करून ते कोणी चालू करणार नाही अशी व्यवस्था करतात आणि प्रत्यक्ष तारांवर वीज नसल्याची टेस्टरने खात्री करतात. टेस्टर स्वतः चालू आहे की नाही हे आधी वीजभारित सॉकेटवर तपासलेले असावे लागते. ज्या घरात इन्व्हर्टर आहे तेथे मुख्य बटण बंद केल्यावरही काही तारांत वीज राहते. इन्व्हर्टर स्वतंत्रपणे बंद करून त्याची बाहेर जाणारी जोडणी सोडविणे आवश्यक असते.

त्यानंतर नवा मार्ग आखणे, नळी व पेटी बसविणे, तिन्ही तारा ओढणे, जोड करणे आणि सॉकेट बसविणे ही कामे होतात. जुन्या जागी उरलेल्या तारा केवळ टोके गुंडाळून पेटीत ठेवीत नाहीत; त्या उगमापासून तोडतात आणि पेटीवर कोरे झाकण बसवितात.

पुरवठा सुरू करण्यापूर्वी तीन गोष्टी तपासल्या जातात. ५०० व्होल्ट दाबाने एक मिनिटापर्यंत मोजलेला विद्युतरोधक आवरणाचा रोध किमान १ मेगाओहम असावा लागतो. अर्थिंगची तार सॉकेटपासून भूसंपर्काच्या खड्ड्यापर्यंत अखंड असावी लागते. फेज, न्यूट्रल व अर्थिंग आपापल्या छिद्रांत आहेत याची खात्री करावी लागते. पुरवठा सुरू झाल्यावर आरसीसीबीचे चाचणी-बटण दाबून ती पडते का, हेही पाहिले जाते. या चाचण्यांची नोंद असलेला कंत्राटदाराचा सहीचा अहवाल ग्राहकाने जपून ठेवणे इष्ट असते, कारण उत्तरदायित्वाचा प्रश्न उभा राहिल्यास तोच मुख्य लेखी पुरावा ठरतो.

उत्तरदायित्व

पुरवठादार आणि ग्राहक यांतील सीमारेषा

ग्राहकाने बसविलेल्या मुख्य स्विचगिअरच्या प्रवेश-टोकाला विनियमांत ‘पुरवठ्याचा प्रारंभबिंदू’ म्हटले आहे. २०१० च्या विनियमांतील विनियम १३ नुसार ग्राहकाच्या जागेतील आपल्या मालकीच्या वा नियंत्रणाखालील तारा व उपकरणे सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी पुरवठादारावर आणि स्वतःच्या नियंत्रणाखालील मांडणी सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी ग्राहकावर आहे. ग्राहकाच्या जागेत भूसंपर्काचे टोक पुरविण्याची जबाबदारी विनियम १६ ने पुरवठादारावर टाकली आहे.

पुरवठादाराच्या बाजूच्या बिघाडासाठी न्यायालयांनी कठोर उत्तरदायित्वाचे तत्त्व स्वीकारले आहे. मध्य प्रदेश विद्युत मंडळ विरुद्ध शैलकुमारी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये असा निर्णय दिला, की रस्त्यावर पडलेल्या वीजभारित तारेने मृत्यू आल्यास मंडळाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही. धोकादायक व्यवसाय चालविणाऱ्यावर ते उत्तरदायित्व येतेच. त्रयस्थाने वीजचोरीसाठी तार ओढली होती हा मंडळाचा बचाव न्यायालयाने मान्य केला नाही.

प्रारंभबिंदूच्या पलीकडे, म्हणजे घरातील सॉकेटवर झालेल्या अपघातात, हे तत्त्व आपोआप लागू होत नाही. तेथे बिघाड कोणाच्या बाजूला उद्भवला हा पहिला प्रश्न असतो. पुरवठ्याची न्यूट्रल तुटून घरात अतिदाब आला असेल, तर पुरवठादाराला जबाबदारी टाळता येत नाही. विनापरवाना हलविलेल्या सॉकेटला अर्थिंगच नसेल, तर भरपाईची मागणी दुबळी होते.

कंत्राटदार व कारागीर

मोबदला घेऊन केलेले तारजोडणीचे काम ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या अर्थाने सेवा आहे. सदोष कामाबद्दल जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोबदल्याची पावती, वापरलेल्या साहित्याचे बिल आणि चाचणी अहवाल यांशिवाय काम कोणी व कसे केले हे सिद्ध करणे कठीण जाते. बिल न घेता रोजंदारीवर करून घेतलेल्या कामात घरमालक स्वस्ताईच्या मोबदल्यात हा पुरावाच गमावतो.

काम करताना कारागिराचा मृत्यू झाल्यास वा त्याला इजा झाल्यास त्याच्या मालकावर, म्हणजे सामान्यतः कंत्राटदारावर, भरपाईची जबाबदारी येते. कंत्राटदार मध्ये नसेल, तर घरमालक आणि कारागीर यांतील संबंध कोणता हा प्रश्न वादाचा होतो.

घरमालक व भाडेकरू

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार जागा चांगल्या दुरुस्त स्थितीत ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. कलम २९ नुसार त्याला पुरेशा कारणाशिवाय वीज-पाण्यासारख्या अत्यावश्यक सेवा तोडता येत नाहीत. लेखी संमतीशिवाय कायम स्वरूपाचे बांधकाम करणे हे कलम १६ अन्वये भाडेकरूला जागेतून काढण्याचे एक कारण आहे. तथापि वातानुकूलन यंत्र बसविणे, धुराडे वा हवा बाहेर टाकणारे द्वार करणे यांसारखी कामे कायम बांधकामात मोडत नाहीत, असे त्या कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. ही तरतूद जागा सोडावी लागण्यापासून संरक्षण देते; विद्युत विनियमांतील अनुज्ञप्तीची अट तिच्यामुळे शिथिल होत नाही. भाडेकरूने सॉकेट हलविण्यापूर्वी घरमालकाची लेखी संमती घेणे आणि काम कोणाच्या खर्चाने, कोणत्या कंत्राटदाराकडून होणार याची नोंद करणे दोघांच्याही हिताचे असते.

विद्यार्थ्यांना खोल्या देणाऱ्या घरमालकावरील जबाबदारी अधिक जड असते. खोलीतील मांडणी त्याच्या नियंत्रणाखाली असते आणि काही महिन्यांसाठी राहायला आलेल्या विद्यार्थ्याला भिंतीमागील तारा पाहता येत नाहीत.

नवी सदनिका व गृहनिर्माण संस्था

स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १४ अन्वये ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत निदर्शनास आणलेले कामाच्या दर्जातील दोष विकासकाने ३० दिवसांत विनामूल्य दूर करावयाचे असतात. सदोष तारजोडणीही यात येऊ शकते. सदनिकाधारकाने मधल्या काळात सॉकेट हलविले असल्यास दोष मूळचा की नंतरचा हा वाद उद्भवतो; म्हणून बदलापूर्वीची छायाचित्रे ठेवणे उपयुक्त ठरते. सहकारी गृहनिर्माण संस्थेत भिंती कोरण्यापूर्वी उपविधींनुसार संस्थेची परवानगी लागते का, हेही पाहावे लागते.

फौजदारी जबाबदारी

निष्काळजीपणामुळे मृत्यू घडविल्याबद्दल भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये ती पाच वर्षांपर्यंत वाढविण्यात आली आहे. प्रसंगपरत्वे कारागीर, कंत्राटदार किंवा धोका माहीत असूनही मांडणी तशीच ठेवणारा घरमालक यांपैकी कोणावरही असा गुन्हा दाखल होऊ शकतो.

मीटर, मंजूर भार व अनधिकृत वापर

सॉकेट हलविण्याचा अधिकार मीटरपर्यंत पोहोचत नाही. मीटर, त्याचे मोहोर व त्याआधीची तार यांना हात लावण्याचा अधिकार केवळ वितरण कंपनीला आहे. मीटरची जागा बदलण्यासाठी तिच्याकडे अर्ज करावा लागतो. मीटरच्या आधीच तार जोडून सॉकेट घेणे ही अधिनियमाच्या कलम १३५ खालील वीजचोरी होय.

स्वतःच्या मीटरवरून शेजारच्या घरात, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा लगतच्या दुकानात सॉकेट काढून देणे वीजचोरी नसली, तरी कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरू शकते, कारण मंजूर जागेबाहेर किंवा मंजूर प्रयोजनाव्यतिरिक्त वीज वापरणे त्यात मोडते. अशा वापराची आकारणी लागू दराच्या दुप्पट दराने केली जाते. नव्या सॉकेटमुळे घराचा एकूण भार मंजूर भाराच्या वर जाणार असेल, तर भारवाढीसाठी आधी अर्ज करावा लागतो.

अपघात झाल्यास

विजेचा धक्का बसलेल्या व्यक्तीला स्पर्श करण्यापूर्वी मुख्य बटण बंद करतात. ते शक्य नसल्यास कोरड्या लाकडाने वा प्लास्टिकच्या वस्तूने तिला तारेपासून दूर करतात. श्वास वा नाडी थांबली असल्यास छातीदाबन सुरू करून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावतात. वितरण कंपनीचा तक्रार क्रमांक १९१२ आहे.

अधिनियमाच्या कलम १६१ अन्वये विजेच्या वापरासंबंधात जीवितहानी वा इजा झाल्यास त्याची सूचना विद्युत निरीक्षकाला द्यावी लागते. प्राणघातक अपघाताची सूचना माहिती मिळाल्यापासून २४ तासांच्या आत देणे अपेक्षित असते. पशूचा मृत्यूही या तरतुदीत येतो. निरीक्षकाच्या चौकशीत बिघाड प्रारंभबिंदूच्या कोणत्या बाजूला होता, अर्थिंग होते का आणि काम कोणी केले होते या बाबी तपासल्या जातात. त्यामुळे तपासणीपूर्वी जळालेले सॉकेट काढून टाकणे, तारा बदलणे किंवा भिंत लिंपून घेणे हे पुरावा नष्ट करण्यासारखे ठरते. भरपाईच्या मागणीत अशा चौकशीचा अहवाल महत्त्वाचा पुरावा मानला जातो.

हेही पाहा

• विद्युत अधिनियम, २००३
• महावितरण
• भूसंपर्कन
• भारतीय मानक ब्यूरो
• किल्लारी भूकंप